मावळातलं म्हातारपण

भोर तालुक्यातल्या रायरेश्वराच्या पठारावर जायचं तर शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी चढावी लागते. वर कायमची वस्ती आहे. तिथल्या माणसाला दवाखाना, बाजार, बँक, लेकीचं सासर, काहीही गाठायचं तर आधी शिडी उतरायची आणि परतताना पुन्हा चढायची. अशा माणसाचं म्हातारपण साठी पूर्ण झाली म्हणून सुरू होत नाही. किराणाची पिशवी घेऊन शिडी चढता येईनाशी होते, त्या वर्षी ते सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्यावर एक मोठा अहवाल काढला, त्याचं सार जवळपास हेच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या आजारांची यादी करून भागत नाही, त्याला जे करायचं आहे ते करता येतंय का ते बघा. पुढे संघटनेने त्यासाठी सहा गोष्टी तपासायला सांगितल्या: उठणं-चालणं, नजर, कान, स्मरण, मन आणि खाणंपिणं. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या मावळातल्या तालुक्यांसाठी ही मांडणी मला फार मोलाची वाटते. इथल्या उतारावर, पावसात आणि अंतरावर जी शक्ती लागते, ती सपाटीवरच्या गावात लागत नाही. गुडघा तेवढाच झिजलेला असला, तरी सपाटीवरचा माणूस हिंडता-फिरता राहतो आणि मावळातला घरात बसतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातला दर दहावा माणूस साठी ओलांडलेला होता. ही राज्याची सरासरी झाली. वेल्ह्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ५४ हजार होती, पुणे जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत सर्वांत कमी. तोरण्याच्या मागच्या अंगाला, केळदच्या बाजूला, पानशेत-वरसगावच्या पाण्यापलीकडे किंवा भोरमध्ये नीरा देवघरच्या वर हिर्डोशी खोऱ्यात हिंडलं की सरासरीचा फोलपणा कळतो. तरणी माणसं पुण्या-मुंबईला, शिरवळ नि खेड शिवापूरच्या कंपन्यांत. गावात राहिलेत आई-बाप, दोन म्हशी आणि भाताची खाचरं. शेतीचं काम थांबलेलं नाही, फक्त ते करणारी माणसं पन्नास-साठीची झाली आहेत.

भातलावणी बघितली तर कंबर आणि गुडघे का धरतात ते वेगळं सांगावं लागत नाही. घोटा बुडेल एवढा चिखल, डोक्यावर पाऊस, कमरेत पूर्ण वाकून डाव्या हातात रोपांची मूठ नि उजव्या हाताने लावणी. दिवसभर मागे मागे सरकत जायचं. पाय चिखलातून उपसताना दर वेळी गुडघ्याला पीळ बसतो. हे काम वीस वर्षांची मुलगी करते आणि साठीची बाईही करते, फरक एवढाच की साठीच्या बाईला संध्याकाळी सरळ उभं राहायला भिंत लागते.

हाडं-सांध्यांच्या दुखण्याचा भारतातला एक पायाभूत अभ्यास पुणे जिल्ह्यातच झाला आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ पासून घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे, स्नायू, पाठ यांपैकी काही ना काही दुखणं होतं. त्यातला खरा संधिवात, म्हणजे ज्यात सांधे सुजून वाकडे होतात तो, अर्ध्या टक्क्याच्या घरात निघाला. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गावात प्रत्येक दुखण्याला ‘वात’ म्हणतात आणि सगळ्यांवर एकच गोळी चालते. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहतात, सांधे गरम लागतात, दोन्ही हातांचे एकाच वेळी सुजतात, अशा माणसाने लवकर तज्ज्ञाला दाखवलं तर सांधे वाचतात. बाकीच्या बहुसंख्य लोकांचं दुखणं झिजेचं आणि श्रमाचं असतं. त्यांना मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं, शेक आणि कामाची पद्धत थोडी बदलणं याचा जास्त उपयोग होतो.

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. लावणीच्या दिवसांत रोज एक गोळी खाऊन कामाला जाणारी माणसं या भागात पुष्कळ आहेत. या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठराला व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात आणि रक्तदाब वाढतो. आधीच बीपी किंवा शुगर असलेल्याला तर त्या फारच महाग पडतात. नाव नसलेल्या पुडीतल्या ज्या गोळीने एका दिवसात सगळं अंग मोकळं वाटतं, तिच्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. त्याने हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

‘आम्हाला कसला व्यायाम, आमचं आयुष्यच व्यायामात गेलं’ असं इथला माणूस म्हणतो. तरुणपणापुरतं ते खरंही आहे. पण पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्यातच मुलं म्हणतात, ‘आबा, आता शेतात जाऊ नका.’ कुणाची जमीन फार्महाऊससाठी विकली जाते. चाळीस वर्षं डोंगर चढलेला माणूस ओट्यावर बसतो आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या मांड्या वाळतात. घरच्या घरी याची परीक्षा करता येते. खुर्चीवर बसायचं, हात छातीवर घडी घालायचे आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून पुन्हा बसायचं. चौदा सेकंदांत जमलं नाही तर पायांतली ताकद कमी झाली आहे असं समजावं. ही जागतिक आरोग्य संघटनेचीच चाचणी आहे, आशाताईला अंगणात करून घेता येईल इतकी सोपी. त्यात कमी पडलेल्या माणसाने तेच उठणं-बसणं दिवसातून दोनदा, आधी आधाराने आणि मग बिनआधाराने सुरू केलं, तर सत्तरीतही स्नायू भरतात.

स्नायू भरायला ताटात काहीतरी लागतं. मावळातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात बहुतेकदा भात आणि पातळ आमटी असते. दात गेले की भाकरी सुटते, भाकरी सुटली की नाचणी सुटते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात ते नावालाच. म्हणून दात नसलेल्याला नाचणीची आंबील किंवा लापशी, हुलग्याचं पिठलं, मऊ शिजवलेला पावटा, अंडं, ताक रोज मिळायला हवं. आणि कवळी बसवून घ्यावी. ‘आता या वयात दात कशाला’ असं ऐकू येतं, तेव्हा ते दात खाण्यासाठी आहेत याचा विसर पडलेला असतो.

दुसरा गैरसमज बीपी आणि शुगर जाड्या माणसांनाच होते हा. इथली माणसं अंगाने काटक, त्यामुळे तपासणीची गरज त्यांना वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला या बाबतीत नवं काही दाखवलं. त्यांच्या आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांच्या तुलनेचा एक छोटा लेख २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंची-वजनाच्या गुणोत्तराने दोघे अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या शरीरात ९ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून केलेल्या त्यांच्या अभ्यासात तर नवजात बाळांमध्येही तोच प्रकार दिसला: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र राखलेली. अर्धपोटी राहून राबणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेलं मूल पन्नाशीला पोचतं, बसून काम करू लागतं, रोज बेकरीचा माल नि गोड चहा घेऊ लागतं, तेव्हा त्याला मधुमेह गाठतो. आयसीएमआरच्या २०११ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत हे प्रमाण ८.४ टक्के निघालं होतं.

रक्तदाबाचं दुखणं असं की तो दुखत नाही. सुकट, खारवलेली मिरची, लोणचं, पापड, ठेचा यांतून पोटात जाणारं मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या मर्यादेत राहणं अवघडच. मग एक दिवस शेतात हात लुळा पडतो आणि वेल्ह्याहून पुण्याचं मोठं रुग्णालय गाठेपर्यंत अर्धांगवायूच्या उपचारातले पहिले मोलाचे साडेचार तास संपत आलेले असतात. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तेवढ्याच वेळात द्यायचं असतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, या तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी गावातल्या गावात वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. पण इतक्या लांबच्या खोऱ्यांत झटका आल्यावरच्या धावपळीपेक्षा आधीची रोजची गोळीच जीव वाचवते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात जे सुरू झालं ते अगदी साधं आहे: ठरावीक दोन-तीन स्वस्त औषधं, एकदम महिनाभराचा पुरवठा, गावाजवळच्या उपकेंद्रातच बीपी मोजणं आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड.

गोळी बंद करण्याची कारणं ऐकण्यासारखी असतात. ‘बीपी नॉर्मल आली म्हणून सोडली’ हे सगळ्यांत जास्त. ती गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते हे समजावणारं कुणी भेटलेलं नसतं. काहींना सकाळी गोळी घेऊन एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून ते घाबरून सोडतात. अशा वेळी डॉक्टरांना सांगून गोळी किंवा वेळ बदलता येते. घराच्या खुंटीला अडकवलेली औषधांची प्लॅस्टिकची पिशवी उघडून बघावी: एकाच औषधाच्या तीन वेगळ्या नावांच्या पट्ट्या, त्यात मुदत संपलेली एखादी, नि अर्धी कापलेली, नावाचा भागच गेलेली एखादी. दवाखान्यात जाताना ती पिशवी आख्खी बरोबर न्यावी. एवढ्या एका गोष्टीने पुष्कळ घोटाळे सुटतात.

पायाला मुंग्या, तळव्याची आग, चालताना झोक जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं, ही लक्षणं ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जातात. त्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. डॉ. याज्ञिकांच्याच गटाने पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तर त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांत ते कमी निघालं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटणातून मिळतं. दूध डेअरीला जातं आणि कोंबडी पाहुणा आला तरच कापली जाते, त्या घरात ते कुठून येणार? वय वाढलं की जठराची ते शोषून घेण्याची ताकद घटते आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घटते. साध्या रक्ततपासणीत कळतं आणि स्वस्त इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून निघतं. वेळ गेली तर मज्जातंतूंचं नुकसान मात्र कायमचं राहतं.

बायकांच्या दुखण्यांवर अधिक बोललं पाहिजे, कारण त्या स्वतः बोलत नाहीत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली तपासणी १९८९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि उपचार घेतलेल्या अगदी थोड्या होत्या. मावळातली बाई काही वेगळ्या मातीची नाही. बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्यात डोक्यावर पाण्याचे हंडे नि लाकडाची मोळी घेतलेली, चार-पाच बाळंतपणं झालेली बाई पन्नाशीला येते तेव्हा ‘अंग बाहेर येतं’. ती ते आत ढकलून कामाला लागते. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की लघवी सुटते, म्हणून ती एसटीने जाणं टाळते, जत्रेला जाणं टाळते आणि दिवसभर पाणी पीत नाही. सुनेलाही सांगत नाही. यात वयाचा भाग थोडा आहे आणि उपचाराचा फार मोठा. सुरुवातीच्या अवस्थेत कटीतळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, पुढच्या अवस्थेत आत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी, आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला जाऊन नुसतं तपासून घेतलं तरी पुढचा मार्ग कळतो.

आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. तिथून पुढे हाडांची झीज झपाट्याने होते. गर्भपिशवी पस्तिशीत काढलेली असेल, आणि बरोबर बीजकोशही काढले असतील, तर ही झीज तेव्हाच सुरू होते. अंगावरून जास्त जातं, पांढरं जातं, एवढ्यावर पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नये, ती कर्करोगाची खूण असू शकते.

चूल आणि मिश्री या दोन गोष्टीही बाईच्याच वाट्याच्या. जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या बंद, लाकडं ओली, घरभर धूर. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी सातत्याने मांडलं आहे की विडी-सिगारेट कधी न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे. पावसाळ्यात सगळा स्वयंपाक गॅसवर, हा नियम घरातल्या पुरुषांनी करायला हवा. गॅस वाचवायचा निर्णय बहुधा तेच घेतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून सुरू होते, मग दिवसातून पाच-सहा वेळा लागते. तोंडात पांढरा चट्टा, तिखट न सोसणं, तोंड कमी उघडणं यांपैकी काहीही दिसलं तर दाखवून घ्यावं. तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत व्हायला हवी असं धोरण आहे. मागितल्याशिवाय ती होत नाही, म्हणून मागावी.

डोळ्यांबद्दल एकच सांगायचं. मोतीबिंदू ‘पिकू’ द्यायची गरज आता उरलेली नाही. तो समज टाक्यांच्या जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणं अवघड जातं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होतं, म्हणजे टाळता येण्यासारखं. कानाचंही तसंच. ऐकू न येणारी आजी हळूहळू बोलण्यातून बाजूला पडते, मग घरचे म्हणतात तिला विसर पडायला लागला. ऐकण्यातली घट आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता जगभर मान्य झाला आहे. कधी कधी तर कानात नुसता मळ दाटलेला असतो.

पडणं हा या वयातला सगळ्यांत मोठा घात. सारवलेल्या जमिनीवर ओला पाय धरत असे, आता नव्या घरांत गुळगुळीत फरशी आली आहे. रात्री लघवीला उठायचं, संडास अंगणापलीकडे, लाइट गेलेली, पायात झिजलेली स्लिपर. खुब्याचं हाड मोडलं की हाडवैद्याकडे दिवस घालवू नयेत. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुन्हा चालतो. अंथरुणाला खिळून राहिला तर पाठीला जखमा, छातीत कफ नि पायांत रक्ताच्या गाठी होतात आणि त्यातच पुष्कळ जण जातात. संडासात धरायला एक पाइप, अंगणात एक दिवा नि पायात रबरी तळाची चप्पल, सगळं मिळून खर्च शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही.

सरकारी आधार आहेत. सत्तरीपुढच्या कुणालाही उत्पन्न न विचारता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. मनावर ताण असेल तर १४४१६, वृद्धांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७. अडचण वेळापत्रकाची आहे. शिबिरं निधी आला की होतात, तेव्हा गावात लावणी किंवा काढणी चालू असते आणि ओट्यावर चार माणसं जमतात. मावळचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं, रस्ते चालू असतात, गावोगाव यात्रा असतात आणि मुंबई-पुण्याची मुलं घरी आलेली असतात. बीपी, साखर, डोळे, कान, पाच वेळा उठण्याची परीक्षा, हे सगळं यात्रेच्या त्या आठवड्यात ग्रामपंचायतीने करून घ्यावं. नेणारं-आणणारं माणूस तेव्हा घरातच असतं, त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन लागलीच उरकता येईल. आणि मृग लागायच्या आत बीपी-शुगरच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात तीन महिन्यांच्या गोळ्या पोचलेल्या असाव्यात. वरंधा घाटाचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो, खोऱ्यांतल्या गाड्या कधी येतात कधी नाही, हे काही अचानक घडत नाही. ते दर वर्षी घडतं आणि दर वर्षी जुलैत गोळ्या संपतात.